देवऱ्यांचा टीपकागद

लग्नाच्या पंगतीत वाढपी भजी वाढून पुढं सरकला की लोक भजी उचलतात. आमचे देवरे शर्टाच्या खिशातून गुलाबी टीपकागद काढायचे. शाळेत शाईचे डाग टिपायला असायचा ना, तोच. तो भज्यांवर पसरायचा, तळहातानं हलकेच दाबायचा आणि मग उजेडाकडे धरून शेजारच्याला दाखवायचा. "बघा कुलकर्णी, हे सगळं रक्तात जाणार होतं." शेजारचा बहुतेक मीच असायचो. तोवर माझं भजं अर्धं खाऊन झालेलं असायचं आणि उरलेलं अर्धं घशाखाली उतरायचं नाही.

देवरे आणि मी सातपूरच्या एकाच कारखान्यात. ते स्टोअरमध्ये, मी हिशेबाच्या टेबलावर. घरंही एकाच कॉलनीत, मध्ये फक्त कंबरेएवढी भिंत. म्हणजे या माणसापासून मला दिवसाही सुटका नव्हती आणि रविवारीही. मूळचे कळवणकडचे, उंचेपुरे, मिशा झुपकेदार. ते स्टोअरमध्ये हळू आवाजात काही सांगत असले तरी मला माझ्या टेबलावर ऐकू यायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा कंपनीनं चाळिशीपुढच्या सगळ्यांची, बायकांसकट, रक्ततपासणी करून घेतली. माझी बायको मंदा "मला काय धाड भरलीय" म्हणून आलीच नाही. माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी देवऱ्यांनी स्टोअरच्या दारात उभं राहून जाहीर केलं की त्यांच्या घरात आलेला आकडा कुलकर्ण्यांच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. इथंही माझ्या पुढं!

डॉक्टरांनी दोन्ही घरांना एकच सांगितलं. तेलतूप कमी करा, भाज्या-कडधान्यं वाढवा, रोज चाला. मी ते ऐकून घेतलं; मंदा माझ्यापुरतं फिकं करायला लागली, एवढंच. देवऱ्यांच्या मात्र ते अंगात आलं.

आता इथं सुमनवहिनींबद्दल सांगायला हवं. देवऱ्यांच्या पत्नी त्या, आणि त्यांच्या हाताला अशी चव होती की दर रविवारी भिंतीवरून शेवभाजीची वाटी आमच्याकडे यायची आणि मी वाटी बोटानं पुसून परत द्यायचो. वर लालभडक तर्री, खाली घरच्या शेवेचा लगदा. ती वाटी बंद झाली. देवऱ्यांनी कढई माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. फोडणीला चमचाभर तेल, तेही स्वतः ओट्याशी उभे राहून घालायचे. सकाळी भिजवलेले मेथीदाणे, जेवताना जवसाची चटणी, ताकावरचं लोणी काढून मांजरीला. दिवाळीला भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि बाकी शुभेच्छा. भिंतीवरून आता दुधीची भाजी यायला लागली. दुधीला मी लहानपणापासून घाबरतो.

"रक्त कसं, गोदेच्या पाण्यासारखं वाहतं पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भर उन्हाळ्यात रामकुंडाच्या खालचं गोदेचं पाणी या गृहस्थांनी पाहिलेलं नसावं. पण कँटीनमध्ये नवी पोरं माना डोलवायची.

आणि ते पहाटेचं सोमेश्वरपर्यंत चालणं. एवढा मिशाळ माणूस, पण एकटा जायचा नाही. "एकट्याला भीती वाटते हो, वाटेत काही झालं तर?" असं म्हणून वहिनींना बरोबर काढायचे. वहिनी पाचवारी साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून, कुरकुरत मागं राहायच्या. त्या फारच मागं पडल्या की देवरे थांबून छातीवर हात ठेवायचे. मग वहिनी जवळजवळ पळतच त्यांना गाठायच्या. मी तोंडात ब्रश धरून खिडकीतून हे बघायचो आणि मनात म्हणायचो, काय नाटकी माणूस आहे.

पुढच्या तपासणीत त्यांचा आकडा खाली आला. माझा थोडा वर चढला. देवऱ्यांनी अख्ख्या खात्यात खजूर वाटले आणि माझ्या टेबलावर दोन जास्त ठेवले. घरी मंदाला मी काही बोललो नव्हतो, पण भिंतीवरून बातमी माझ्याआधी पोहोचली होती. "देवरे भाऊजींना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही?" हे वाक्य त्यानंतर मला रोज पोह्यांबरोबर मिळायला लागलं.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. कुणी दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतं, कुणी बढतीवर. मी एका माणसाच्या रक्तावर जळत होतो. तो कुठंतरी चोरून खात असणारच, अशी माझी खात्री होती. खात्री कसली, ती माझी प्रार्थना होती. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या डब्यात वाकून बघायचो. नाचणीची भाकरी, मटकीची उसळ. कोपऱ्यात एखादी पुरी दडलेली सापडावी म्हणून मी किती तळमळलो असेन!

शेवटी देव पावला. ट्रान्सपोर्टच्या कामासाठी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारका चौकात जावं लागलं. काम लवकर आटोपलं आणि मी तिथल्या एका मिसळीच्या हॉटेलात शिरलो. मी तिथं का शिरलो, हा इथं प्रश्न नाही. प्रश्न असा की कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून, देवरे बसले होते. समोर मिसळ, वर तर्रीची दुसरी वाटी, मिशांना लाल किनार. टीपकागदाचा पत्ता नव्हता.

तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. मी मागून गेलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणालो, "टिपा देवरे, टिपा."

मला वाटलं होतं, त्यांना ठसका लागेल. त्यांनी फक्त वळून पाहिलं, शेजारची खुर्ची ओढली आणि पोऱ्याला आणखी एक मिसळ सांगितली. मी बसल्या बसल्या सुनावलं की हे आज मंदाच्या कानावर जाणार, आणि मंदाच्या कानावर गेलं की सुमनवहिनींच्या जाणारच. तेव्हा मात्र त्यांच्या हातातला पाव ताटलीत पडला.

देवरे घाबरले की त्यांच्या तोंडून कळवणची बोली निघायची. "मन्हं काहीच वाढेल नही, भाऊ," ते म्हणाले.

म्हणजे? त्यांचं काहीच वाढलेलं नव्हतं? मला काही उमगेना. मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. वाढलेलं होतं ते सुमनवहिनींचं, आणि भलतंच. वहिनींचा भाऊ ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेला होता, हे मला माहीत होतं. देवऱ्यांनी पहिल्या दिवशी वहिनींना सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या आणि संध्याकाळी शेवभाजी केली. वेगळी भाजी करून घे म्हटलं तर म्हणाल्या, माझ्या एकटीसाठी कुठं दुसरी फोडणी घालू? दोन दिवस सगळ्यांची जेवणं झाल्यावर कढईत जे उरलं तेच पुसून खाल्लं.

"ती स्वतःसाठी चूल पेटवणार नाही," देवरे म्हणाले. "माझ्यासाठी पेटवील. मग मीच आजारी पडलो."

माझ्यासमोर मिसळ आली होती, ती तशीच होती. दरवेळी ते "मला सोबत हवी" म्हणून वहिनींना तपासणीला न्यायचे आणि दोघांचं रक्त द्यायचे. ऑफिसात मिरवलेला, ज्यावर मी एवढा जळलो, तो आकडा वहिनींचा होता. त्यांचा स्वतःचा पहिल्यापासून ठणठणीत.

आता खरं सांगतो, हे ऐकून मला भरून वगैरे आलं, पण ते नंतर. आधी काय मनात आलं असेल तर हे, की हा माणूस तर्रीच्या दोन वाट्या रिचवतो आणि तरी नॉर्मल! आठवड्यातून एकदा येतो म्हणाले, नाहीतर दुधी सोसत नाही.

"तिला कळलं तर ती पहिली ती कढई खाली काढेल," ते म्हणाले. "कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. पुढं कॉलनीतल्याच एका लग्नात पंगतीला आम्ही शेजारी आणि बायका समोरच्या ओळीत. वाढप्यानं कांदाभजी वाढली. देवऱ्यांनी खिशात हात घातला, मग दुसऱ्या खिशात, मग पँटच्या. शर्ट नवा होता, टीपकागद घरी राहिला होता. समोर वहिनी नेहमीसारख्या त्यांच्याकडे बघत थांबल्या होत्या. हे टाकतील तेच त्या टाकायच्या, हे खातील तेच खायच्या. देवऱ्यांचा चेहरा उतरला.

मग मीच माझं पान पुढं ढकललं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालो, "देवरे, या भज्यांना हात लावायचा नाही. तेल निथळतंय नुसतं. तुम्ही खाल्लंत तर मी पानावरून उठेन." लोक हसले. देवऱ्यांनी भजी पानाच्या कडेला सारली. समोर वहिनींनीही सारली आणि पोळी मोडायला घेतली. माझीही भजी गेली, हे आलंच. भजी कुरकुरीत होती, दिसत होतं.

स्कूटरवरून घरी येताना मागून मंदा म्हणाली, "शेजाऱ्याची केवढी काळजी. आमची कधी केली नाहीत." आवाज थट्टेचाच होता. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. हिचं रक्त आम्ही आजवर तपासलंच नव्हतं. माझ्यासाठी वेगळं फिकं करून स्वतः कढईतलं उरलंसुरलं खाणारी ती आणि त्यावर कधी लक्ष न दिलेला मी. भिंतीपलीकडच्या माणसाला हे सगळं कधीच सुचलं होतं. देवऱ्यांचा एवढा हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घातले, दारापर्यंत गेलो आणि परत स्वयंपाकघरात आलो. मंदा चहाचं आधण ठेवत होती.

"तू येतेस का बरोबर?" मी म्हणालो. "एकट्याला भीती वाटते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तुम्हाला आणि भीती, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मी छातीवर हात ठेवला. नीट जमला नसावा, पहिलीच वेळ होती.

तिनं गॅस बंद केला आणि पदर खोचला.