जुन्या डांबराचा कडक बंदोबस्त

"शिळ्या पोळीचा कुस्करा मी खाणार नाही," असं म्हणून रघुवीर खांबेट्यांनी बशी पुढे सारली.

नलिनीबाईंनी ती परत त्यांच्यासमोर आणून ठेवली. "फोडणीची पोळी आहे. रस्ता शिळा चालतो तुम्हाला, पोळी तेवढी ताजी हवी."

बाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. खांबेटे केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात इंजिनियर, आणि गेली सात वर्षं त्यांना एकच ध्यास. रस्ता उखडला की त्याच्या डांबरी खपल्या फेकून द्यायच्या नाहीत. त्या फोडायच्या, तापवायच्या, थोडं नवं डांबर घालून पुन्हा तिथेच अंथरायच्या. दरवर्षी दिल्लीहून फाइल जशीच्या तशी परत यायची. अखेर या अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये चंडीगडातल्या त्यांच्याच सरकारी कॉलनीचा दीडशे मीटर रस्ता प्रयोगासाठी मिळाला. खपल्यांचा ढीग कॉलनीच्या तोंडाशी पडला होता. गुरुवारी दिल्लीचे माथुरसाहेब तो बघून मंजुरी देणार होते. डिसेंबरात खांबेटे निवृत्त होणार, म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

"आणि अहो, तुमचा तो ढीग निम्मा झालाय," नलिनीबाई म्हणाल्या. "सकाळी दूध आणायला गेले तेव्हा बघितलं."

खांबेटे बनियनवरच बाहेर धावले. ढीग निम्मा कुठला, पावसुद्धा राहिला नव्हता. दोन पोलीस शिपाई उरलेल्या खपल्या घमेल्यांनी गोणपाटाच्या पोत्यांत भरत होते. भरलेली पोती रचून कॉलनीच्या तोंडाशी छातीइतकी भिंत उभी राहिली होती, आणि तिच्या आडोशाला हवालदार बलकार सिंग चहा पीत बसला होता. त्या दिवसांत पंजाबात अतिरेक्यांची दहशत होती, आणि शहरात पोलिसांचे असे नाके चौकाचौकात होते. रोजच्या पेपरात जे छापून यायचं ते वाचून नाक्यावर कुणी हुज्जत घालत नसे. खांबेट्यांनी घातली.

"ये मेरा माल है. इसकी सडक बनेगी."

"बनेगी जी, जरूर बनेगी," हवालदार म्हणाला. "रेत का ट्रक आया नहीं. ये मलबा यहीं पडा था, तो भर लिया."

मलबा. सात वर्षांच्या तपश्चर्येला हा माणूस मलबा म्हणतो. खांबेट्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यहाँ नाका लगाने को बोला किस गधे ने?"

हवालदाराने शांतपणे कप खाली ठेवला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. पत्र इंग्रजीत होतं. दिल्लीहून वरिष्ठ अधिकारी येत असल्याने कॉलनीत कडक बंदोबस्त ठेवावा. 'कडक'खाली दोन रेघा मारलेल्या. शेवटी सही, आर. व्ही. खांबेटे.

"आप ही हो ना जी?" हवालदाराने अदबीने विचारलं.

घरी आल्यावर नलिनीबाईंनी विचारलं, "मग, कुणी लावायला सांगितला तो नाका?" खांबेटे टॉवेल उचलून अंघोळीला गेले.

गुरुवारी माथुरसाहेब आले, पण पुढे-मागे पोलिसांच्या जीप घेऊन. साहेब म्हणाले, "खांबेटेजी, मटीरियल दिखाइए." खांबेट्यांनी पोत्यांकडे बोट दाखवलं. साहेबांनी एक पोतं उघडायला सांगितलं. बलकार सिंगने सॅल्यूट ठोकला आणि नकार दिला. साहेब इथे असेपर्यंत साहेबांच्या सुरक्षेसाठी लावलेलं पोतं हलणार नाही, असा त्याला हुकूम होता. आठव्या मिनिटाला साहेब गेले. पंधरा दिवसांनी शेरा आला: जुना माल जागेवर उपलब्ध नाही, सबब नवी खडी वापरावी.

खांबेटे पेटले. त्यांनी पोलिसांना लिहिलं, साहेब येऊन गेले, आता नाका उठवा. उत्तर आलं, ज्यांनी बंदोबस्त मागितला त्यांनीच आता धोका उरलेला नाही असं लेखी द्यावं.

"सात वर्षांचं काम माझं, आणि हे ते पोत्यात भरून बसलेत. देतो लिहून," खांबेटे पेन उघडत म्हणाले.

"अहो, असं सही करून सांगणारा एक तरी माणूस आज पंजाबात आहे का?" नलिनीबाईंनी विचारलं.

खांबेट्यांनी पेनला टोपण लावलं. अपमान त्यांनी गिळला, पण नवी खडी पडत होती तेव्हा ते एकदाही बाहेर आले नाहीत.

मे महिन्याच्या उन्हात गोणपाट विरलं. पोती फुटून खपल्या रस्त्यावर सांडल्या आणि पोलिसांनी कंटाळून तिथे लोखंडी अडथळे आणून लावले. उन्हाने मऊ झालेल्या त्या खपल्यांवरून दिवसभर पोलिसांचेच ट्रक जात-येत राहिले. मग पाऊस आला, आणि नव्या खडीचा रस्ता तीन ठिकाणी खचला. नाक्यासमोरचा दहा-बारा मीटरचा काळा पट्टा मात्र टणक राहिला. त्यावर पाण्याचं डबकंसुद्धा साठलं नाही.

सप्टेंबरात माथुरसाहेब तिथून जाताना गाडीतून उतरले. त्यांनी त्या पट्ट्यावर बूट आपटून बघितला आणि दिल्लीला जाऊन पत्र धाडलं. खांबेट्यांनी ते नलिनीबाईंना वाचून दाखवलं.

"'पोलीस दलाने जुन्या मालातून केलेलं काम उत्कृष्ट आहे. श्री. खांबेटे यांनी त्यांची पद्धत समजून घ्यावी आणि अहवाल पाठवावा.' ऐकलंस? मी समजून घ्यावी. त्यांच्याकडून."

"आधी खाऊन घ्या," बाई म्हणाल्या. समोर फोडणीची पोळी होती. खांबेट्यांनी ती मुकाट्याने खाल्ली, वर आणखी मागून घेतली आणि अहवालाचा छापील फॉर्म घेऊन ते नाक्यावर गेले.

"बलकार सिंगजी, ये पट्टा आपने कैसे बनाया?"

हवालदाराने पट्ट्याकडे पाहिलं. आपण काही बनवलंय हे त्याला आत्ताच कळत होतं.

"हमने तो कुछ नहीं किया जी," तो म्हणाला. "बस, किसी साहब को हाथ नहीं लगाने दिया."

खांबेट्यांनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी 'कार्यपद्धती' या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली सही केली.