शांतीशेठ ऑटोवर टाकतात

शांतीशेठ माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे आणि मी जेवले की नाही हे मला मोबाईलवर विचारायचे. दोन टेबलांच्या मधे फक्त पाण्याचा जार. दुपारी एक वाजला की माझा फोन वाजायचा: "जेवलात का?" मी मान वर करून "अजून नाही, शेठ" म्हणाले, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

"तोंडानं नका सांगू, ताई. तिथं लिवा. तोंडचं सिस्टीमला ऐकू जात न्हाई."

जुन्नरला आमचं रोपांचं छोटं ऑफिस होतं. टोमॅटो, मिरची, झेंडू यांची रोपं ट्रेमधे वाढवायची आणि शेतावर नेऊन पोचवायची. मी शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, धोंडीभाऊ पिकअप चालवायचे, रोपवाटिकेत चार-पाच बायामाणसं होती आणि ऑर्डरी सांभाळायचे शांतीशेठ. मालकीणबाई पुण्यात. त्यांनी सगळ्यांच्या फोनमधे टीमचं मेसेजचं अ‍ॅप घालून दिलं होतं. शेठांचं स्वतःचं मात्र नोंदी ठेवायचं वेगळं अ‍ॅप होतं. ऑर्डर आली की ते आधी नोंदीत लिहायचे आणि मग चष्मा सारखा करत तेच पुन्हा ग्रुपवर लिहायचे. असं काही महिने चाललं. मग त्यांनी कुठलेकुठले हिंदी व्हिडिओ पाहिले आणि एका सकाळी ऑफिसात आले ते लग्न ठरल्यासारखे.

"ताई, हिरीवरच्या मोटारीला ऑटो असतो का न्हाई? लाईट आली की मोटार आपली आपण सुरू. शेतकरी घोरत का असंना! तसंच ह्ये. मी नोंदीत लिवलं की ग्रुपवर गेलं, ग्रुपवर कुणी काम सांगितलं की नोंदीत उतरलं. मधी माणूस पायजेच कशाला?"

तिथून पुढे शेठ जे दिसेल ते 'ऑटोवर टाकू' लागले. पिकअप निघाली की ग्रुपवर आपोआप मेसेज. रोपांना पाणी द्यायची आठवण आपोआप. ग्रुपवर कुणी 'शेठ' म्हणून हाक मारली की पुढचं वाक्य त्यांच्या नोंदीत काम म्हणून चढायचं आणि संध्याकाळी त्याची विचारणा व्हायची. एकदा धोंडीभाऊंनी ओझरच्या रस्त्यावरून सहज लिहिलं, "शेठ, आज लई ऊन हाय." संध्याकाळी त्यांना मेसेज गेला: "लई ऊन हाय, हे काम पूर्ण झालं का?"

धोंडीभाऊंनी उत्तर दिलं, "दिवस बुडाला, झालं."

शेठांनी काम पूर्ण झाल्याची खूण केली आणि समाधानाने घरी गेले.

मी त्यांना खूप चिडवायचे. पण 'जेवलात का' ची चेष्टा मला पुरती करता आली नाही, कारण ती कुठून आली ते मला ठाऊक होतं. शेठांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन जुन्नरच्या बाजारात भुसार मालाचं दुकान टाकलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे जायचे. पोत्यांचा तो कोरडा, गोडसर वास मला अजून येतो. दारात माणूस आला की शेठांचे वडील आधी विचारायचे, "जेवलात का?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय काट्याला हात लावायचे नाहीत. डोंगरातली माणसं पहाटे निघून चालत आलेली असायची. ती ओट्यावर बसून आपली भाकरी सोडायची आणि आतून त्यांच्यासाठी गरम आमटी यायची. मीही तिथे जेवले आहे. तशी आमटी मग कुठेच खाल्ली नाही, आणि आता मी पुण्याला नोकरी करते, तिथल्या ऑफिसात पडद्याकडे बघत डबा खाताना तिची फार आठवण येते.

पुढे त्या गल्लीत गिऱ्हाईक यायचं कमी झालं. शेठांची मुलं बाहेरगावी गेली, दुकान उठलं, आणि घरी बसवेना म्हणून साठीला टेकलेले शेठ आमच्याकडे कामाला लागले. "दुकान गेलं, ओटा गेला," ते म्हणायचे. "इचारायचं तेवढं राहिलं व्हतं. ते ऑटोवर टाकलं."

सगळं सुरळीत चाललं होतं, पण शेठांनी जोडलेल्या हातांना हात घातला.

"आपल्याकडं माणूस 'हो' म्हणत न्हाई, हात जोडतो," हा त्यांचा शोध. आणि तो खराच होता. ग्रुपवर कशालाही सगळे ते जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचे. म्हणून शेठांनी नियम बसवला: मेसेजमधे गाव आणि वार असला, आणि त्याच्याखाली कुणी हात जोडले, की ती ऑर्डर पक्की समजायची. नोंदीत चढवायची आणि ग्रुपवर तसं कळवायचं.

त्याच आठवड्यात धोंडीभाऊंचे मामा गेले. मामांनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. मामांबरोबर मेंढरांमागे धोंडीभाऊंनी सगळा मुलूख पायी पाहिलेला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मामा वारले. दहावा मंगळवारी, घोडेगाव." आम्ही सगळ्यांनी हात जोडले. पाठोपाठ ग्रुपवर मेसेज आला: "घोडेगाव, मंगळवार. ऑर्डर पक्की. आभारी आहोत. पुन्हा सेवेची संधी द्यावी."

मी कपाळावर हात मारला. पुण्याहून मॅडमचा फोन आलाच. "शेठांचं ते सगळं बंद करा. एकूण एक. आणि तुम्ही स्वतः करा, त्यांच्यावर सोडू नका." त्यांचंही चुकलं असं कसं म्हणू? मी हो म्हणाले आणि आज करू, उद्या करू करत दिवस ढकलले. शेठ तर त्या दिवसापासून कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. मंगळवारी ते एसटीने घोडेगावला दहाव्याला जाऊन आले, पण तिथे गर्दीत धोंडीभाऊंशी बोलायचा त्यांना धीर झाला नाही.

धोंडीभाऊ कामावर परतले, तेव्हा शेठ खुर्चीतून उठले आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

धोंडीभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेठ, हात जोडू नका राव. अजून एक ऑर्डर निघंल."

मला हसू आवरेना. धोंडीभाऊही हसले, हसता हसता डोळे पुसू लागले. "मामाला कळलं असतं तर तो लई हसला असता," ते म्हणाले. शेठ मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, करा बंद. मॅडम बराबर बोलल्या."

मी त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेक नियम बंद करू लागले. हात जोडल्याचा गेला. 'शेठ' म्हटल्यावर काम चढायचा गेला. पिकअपचा, पाण्याचा गेला. शेठ शेजारी उभे राहून "हं, हं" करत होते. शेवटी 'जेवलात का' आलं, तेव्हा त्यांनी माझ्या हाताला बोट लावून मला थांबवलं.

"ह्ये राहू द्या की."

"शेठ, मॅडम म्हणाल्या एकूण एक."

"बरं. मग तुमच्या सगळ्यांचं बंद करा. माझ्या एकट्याचं ठिवा."

"तुम्हालाही येतं?"

"मग? घरात वाढणारं माणूस मागून जेवतं, पण त्यालाबी कुणी इचारावंच लागतं. आई वाढायची तवा बाप इचारायचा. मी दुकानातनं आलो की ही इचारायची. ही गेल्यापासनं घरात आवाजच न्हाई, ताई. म्हणून मी मलाबी ऑटोवर टाकलं. एक वाजला की इचारतंय. मी 'हो' लिवतो. बरं वाटतं."

मी त्यांचं एकट्याचं ठेवायला गेले, तर तेच म्हणाले, "नगं. मॅडमला खोटं कशाला सांगायचं? करा." मी तेही बंद केलं. धोंडीभाऊ दारात किल्ली फिरवत उभे होते. ते गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि एकाचाही फोन वाजला नाही. इतकं ओकंओकं वाटलं! शेठ डबा पुढ्यात घेऊन नुसतेच बसले होते. थोड्या वेळाने ग्रुपवर एक आवाजाचा मेसेज आला. धोंडीभाऊंचा. त्यांना लिहायचा कंटाळा. मागे गाडीचं इंजिन, वारा, आणि त्यांचा दणदणीत आवाज: "ओ शेठ! जेवला का?"

शेठांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "ताई, ह्यो नियम कुणी बसवला?"

"नियम नाही, शेठ. धोंडीभाऊच बोलतायत."

त्यांनी तो मेसेज पुन्हा लावला. मग आणखी एकदा. चष्मा काढून पुसला. आणि फोनवर बोलण्यात वेळ जातो म्हणून कधी कुणाला फोन न करणाऱ्या शांतीशेठांनी धोंडीभाऊंना फोन लावला.

"न्हाई रं, अजून न्हाई. कुठं पोचलास? मग ये की हिकडं. थांबतो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, माझ्याही डब्यावर ठेवलं, आणि आम्ही दोघं पिकअपची वाट बघत बसलो.