मुलाणी सरांचा तांब्या

मुलाणी सरांना मॉडेल नुसतं बघून कळत नाही, त्यावर तांब्याभर पाणी ओतावं लागतं. जागून चिकटवलेला पुठ्ठ्याचा बंगला भिजून खाली बसतो, त्याच्याबरोबर विद्यार्थ्याचा चेहराही पडतो. सर शांतपणे विचारतात, "पाण्याला इचारलं हुतं का?"

विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते इमारतींचं डिझाइन शिकवतात, मी बागांचं आणि परिसराचं. पुराच्या, दुष्काळाच्या मुलखात घर कसं बांधावं, हा विषय मात्र दोन्हीकडच्या मुलांना आम्ही एकाच वर्गात शिकवतो. कल्पना सरांचीच. "घर ह्यांचं, आंगण त्यांचं, आसं पाणी मानत न्हाई, मॅडम!" शिकले पुण्यात, पण बोली म्हसवडची सुटली नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबी सोडून हॉलचा उतार कुणीकडे आहे ते बघत बसतात. त्यांच्या शेजारी जेवायची सोय नाही.

शेवटचं काम दरवर्षी तेच. इमारतवाला एक, बागवाला एक, अशी जोडी. नदीकाठचं घर. गुडघे दुखणारी, मोगरा आवडणारी बाई. पूर आला तर जिना न चढता तिला वर जाता आलं पाहिजे. घरात माणसं, एक.

"सर, ह्या बाईंना फ्लॅटच घेऊन द्या की," मुलं कंटाळून म्हणायची. सर तांब्या उचलायचे.

यंदा कामं तपासायला त्यांनी फलटणहून पाहुणे बोलावले. मला वाटलं, कुणी तज्ज्ञ असतील. रिक्षातून काठी टेकत उतरल्या त्या सरांच्या पत्नी, जुबेदाभाभी. काही वर्षांपूर्वीच्या पुरात शेजाऱ्यांनी त्यांना घरातून खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं होतं. तेव्हापासून त्या भावाकडेच होत्या. बुडालेलं ते नदीकाठचं घर सरांनीच बांधलेलं, पाण्याला न विचारता.

भाभी प्रत्येक मॉडेलपाशी थांबल्या. एका जोडीनं अंगणातच भराव घालून लांब, सोपा उतार थेट वरच्या खोलीच्या दारापर्यंत नेला होता. दोन्ही कडांना मोगरा. सरांनी तांब्या ओतला. पाणी भरावाला वळसा घालून निघून गेलं. खोली कोरडी राहिली.

"लय झ्याक," भाभी म्हणाल्या. मग वाकून त्यांनी खोलीत बघितलं. "पर आवं, हितं खाट येकच हाय. पाणी आलं म्हंजी तुमी कुटं ऱ्हाणार?"

इतकी वर्षं सर त्या बाईची काळजी घ्यायला शिकवत होते. त्या घरात त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं.

सर रिकामा तांब्या छातीशी धरून उभे होते. मग मुलांना म्हणाले, "दुरुस्ती करा रं. घरात माणसं, दोन."