बंद गाडीचा ताप

मुलुंड पूर्वेच्या नवचेतना सहकारी गृहनिर्माण संस्थेत एका रविवारी दुपारी श्री. मार्तंड गुप्ते यांनी आपली नवी टर्बो गाडी लिफ्टशेजारच्या जागेत लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि पत्नी कुंदाताईंचा हात धरून ते घरी गेले. संस्थेच्या दप्तरी हा त्यांचा पहिला गुन्हा होय.

गाडी बंद झाली, पण बॉनेटखालचा पंखा घरघरतच राहिला. पहिल्या मजल्यावरच्या रेवती साने यांनी गॅलरीतून वाकून पाहिलं. गाडीत माणूस नव्हता आणि आवाज तर होता. त्यांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आत कोणी नसताना ही गाडी काय करते आहे?' संध्याकाळपर्यंत निम्म्या सोसायटीने त्या गाडीला बॉम्ब ठरवलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी नुसतेच हात जोडले होते.

ती जागा गुप्त्यांना कोणी ताटात वाढून दिली नव्हती. प्रतीक्षा यादीत ते इतके रखडले, की तोवर त्यांची जुनी गाडी भंगारात गेली. कुंदाताईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. गाडीतून उतरून चार पावलांत लिफ्ट, एवढाच काय तो त्यांच्या सुखाचा भाग. ही जागा गेली तर नाल्याकडची उघडी पट्टी. तिथून खड्डे चुकवत यायचं म्हटलं की कुंदाताई बाहेर जाणंच टाळत.

कमिटीने गुप्त्यांना पाचारण केलं. अध्यक्ष निमेशभाई दोशी यांनी विषयाला हात घातला.

"काका, गाडी बंद होती की चालू? एक काय ते सांगा."

"बंद होती. त्याचं काय आहे, इंजिन चालू असताना आतलं पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन जातं. बंद केलं की पाणी थांबतं, पण टर्बो तापलेलाच असतो. त्याची धग त्या उभ्या पाण्याला लागते. म्हणून तापमान थोडा वेळ वाढतं, पंखा फिरत राहतो आणि मग ते आपोआप उतरतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय."

"म्हणजे बंद केल्यावर जास्त गरम होते?"

"हो."

"आणि चालू ठेवली तर?"

"मिनिटभर तशीच उभी ठेवून मग बंद केली, तर कमी तापते."

"आवारात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला बंदी आहे ना! बोर्ड मीच लावलाय."

"मग मी करू काय?"

"ते कमिटी कसं सांगणार, काका? कमिटी फक्त काय करायचं नाही ते सांगते."

त्याच बैठकीत ठराव झाला. पार्किंगमध्ये केवळ बंद वाहन उभे करता येईल. बंद केल्यानंतर ज्याचे तापमान वाढते, ते वाहन संस्थेच्या दृष्टीने बंद झालेले नाही, सबब ते उभे नाही, सबब त्यास जागेची आवश्यकता नाही.

अंमलबजावणीसाठी यंत्र हवं होतं. ते ऑफिसच्या कपाटातच निघालं, करोनात घेतलेलं, कपाळावर रोखायचं. वॉचमन अनंताने ते फाटकावर गाडीच्या बॉनेटवर रोखलं आणि आकडा लिहून घेतला. गाडी जागेवर लागल्यावर थोड्या वेळाने पुन्हा रोखलं. यंत्राचा लाल दिवा लागला आणि ते किंचाळलं.

"साहेब, आत येताना बरी होती," अनंताने अध्यक्षांना सांगितलं. "इथं आल्यावर चढलाय ताप."

यावर कमिटीने खोल विचार केला. गाडी बाहेरून धडधाकट आली आणि आत येऊन आजारी पडली, याचा अर्थ जबाबदारी संस्थेवर येणार. म्हणून तिला चौदा दिवस नाल्याकडे विलगीकरणात ठेवायचं ठरलं. पक्षपात नको, म्हणून निमेशभाईंच्या गाडीचंही तापमान घेण्यात आलं. ते सकाळी, ती जागची हलण्यापूर्वी. गाडी अगदी ठणठणीत निघाली.

चौदा दिवस कुंदाताई भिंतीला धरून येत राहिल्या. पंधराव्या दिवशी गुप्त्यांनी नवा मार्ग काढला. फाटकाबाहेर रस्त्यावरच गाडी बंद केली, तापमान चढून उतरेपर्यंत दोघं आत घाम पुसत बसले, मग कुंदाताईंनी स्टिअरिंग धरलं आणि गुप्त्यांनी मागून ढकलत गाडी आत आणली. यंत्र किंचाळलं नाही. गुप्ते मात्र डिकीला टेकून धापा टाकत होते.

निमेशभाई खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं.

"काका, हे काय केलंत? इंजिन बंद ठेवून ढकलत आणलं, म्हणजे ते वाहन नाही राहिलं ना. सामान झालं. आणि सामान मागच्या फाटकातून आणायचं, असा नियम आहे."

"मागच्या फाटकाला पायऱ्या आहेत, निमेशभाई!"

"मग वॉचमनला मदतीला घ्या ना."

कमिटीने गुप्त्यांची जागा काढून घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवला, तेव्हा सोसायटीत हळहळ पसरली. लिफ्टमध्ये जो भेटे तो गुप्त्यांचा खांदा दाबे. "काका, हे अति झालं, यार," तिसऱ्या मजल्यावरचा मिहिर म्हणाला. "सभेत बघा, वाट लावतो एकेकाची." रेवतीताईंनीसुद्धा कुंदाताईंना गरम साटोऱ्या आणून दिल्या आणि व्हिडिओ टाकण्यामागे आपला तसा हेतू नव्हता, असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. कुंदाताई त्या रात्री शांत झोपल्या. माणसं चांगली आहेत गं बाई, असं त्यांना मनापासून वाटलं.

सभेला गच्चीवर खुर्च्या कमी पडल्या. निमेशभाईंनी विचारलं, "गुप्ते काकांची जागा राहू द्यावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कुंदाताईंनी हात वर केला.

"कुंदाबेन, सभासद काका आहेत. तुमचा हात धरता येत नाही."

गुप्त्यांनी हात वर केला.

"काका, तुमचाच विषय आहे. तुमचाही धरता येत नाही."

बाकी कोणाचा हात हलला नाही. मिहिर वेफर्सचं पाकीट वाचत होता. रेवतीताई पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या.

"काल लिफ्टमध्ये काय बोललास रे, मिहिर?" कुंदाताईंचा आवाज फाटला. "आणि तू गं, रेवती? तुझं हे डोळ्यांतलं पाणी गेलं कुठं?"

मिहिर म्हणाला, "काकू, पर्सनली मी तुमच्याच बाजूने आहे."

ठराव विरोधाशिवाय संमत झाला. निमेशभाईंनी घसा खाकरला. "आता लिफ्टशेजारची जागा मोकळी झाली. कोणाला हवी असेल त्यांनी हात वर करा."

गच्चीभर हात उभे राहिले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांचेही. रेवतीताईंनी एक हात स्वतःसाठी वर केला आणि दुसरा अमेरिकेतल्या मुलासाठी. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकून लोक हसतात, कमिटीला यथेच्छ शिव्या घालतात, आणि मग थोडं पुढे वाकून विचारतात, मग ती जागा मिळाली कोणाला? तुम्हीही आत्ता तेच विचारणार होतात. नाल्याकडून लिफ्टपर्यंत कुंदाताई आता कशा येतात, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.