ठवरेकाकांचं छत

ठवरेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघतात, माणसांकडे नंतर. मी जबलपूरच्या कॉलेजात शिकवायला आले आणि तिथल्या गढा भागात त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, तेव्हा ते पहिल्याच दिवशी हजर झाले. मी "नमस्कार काका" म्हटलं. ते पंख्याच्या हुकाकडे बघत म्हणाले, "अच्छा. हा डाग कधीचा?"

मला राग आला होता. अजूनही थोडा येतो. पाहुण्याने फार तर चहाला नावं ठेवावीत, स्लॅबला काय ठेवायची!

काकांची सगळी नोकरी सरकारी फायलींत गेली. छतांचं वेड त्यांचं स्वतःचं. हातात कायम बांबूची काठी. ती स्लॅबला ठोकायची आणि कान द्यायचा. "टण वाजलं तर बसा, बद्द वाजलं तर खाट सरकवा." पिवळा डाग असेल तर वरची फट बुजवून भागतं. तांबडा दिसला म्हणजे आतली सळई गंजली. पोपडे सुटायला लागले की मग रंगरंगोटीत पैसे घालू नका, सरळ बदला. हे सगळं ते न विचारता सांगतात आणि वाईट म्हणजे बरोबर सांगतात.

एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला अधारतालला गेले. परत आल्यावर काकूंनी विचारलं, "कशी आहे पोट्टी?" काका म्हणाले, "पोट्टी ठीकच असेल. हॉलचा स्लॅब गेला त्यायचा." साखरपुड्याच्या दिवशी त्याच हॉलमध्ये व्याह्यांच्या ताटाशेजारी हाताएवढा पोपडा पडला. सगळे दचकले. काकांनी शांतपणे दुसरी जिलेबी घेतली.

पावसाळा म्हणजे त्यांचा हंगाम. आभाळ भरून आलं की छत्री आणि काठी घेऊन निघायचे, कारण गळकं छत गळतानाच पाहावं लागतं. संध्याकाळपर्यंत माणूस घरी सापडायचा नाही. काकू हसून म्हणायच्या, "जाऊ द्या, लोकायची घरं वाचवून राहिले ते."

त्यांचं स्वतःचं घर जुनं, कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं. गेल्या हिवाळ्यात काकू वारल्या. तेव्हापासून त्यांची मुलगी मागे लागली होती, हे छत काढून नवीन टाका, नाहीतर माझ्याकडे राहायला या. काका ऐकेनात. पावसाळा तोंडावर आला तेव्हा तिने मला फोन करून काकांना समजवायला सांगितलं. मी गेले.

"काहून बदलू?" काका उखडलेच. "देखो मॅडमजी, आमचं छत टंच आहे. दर साली दोन-चार काड्या निघतात, बस."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. कवेलू फेरायचे म्हणजे एक माणूस वर चढतो आणि एक आत राहतो. आतून जिथे उजेड दिसेल तिथे खराट्याची काडी खुपसायची. वरच्याला काडीचं टोक दिसतं, तो तिथला फुटका कवेलू बदलतो. वर काका, आत काकू, अशी त्यांची जोडी लग्नापासूनची.

"या साली आत कोण?" मी विचारलं.

काकांनी कोपऱ्यातल्या खराट्याकडे पाहिलं. मग मीच पदर खोचला.

काका शिडीने वर गेले. मी स्वयंपाकघरात स्टुलावर चढून काड्या खुपसायला लागले. एक झाली, दुसरी झाली, आणि मग थांबायचं कुठे हेच कळेना. उजेड चाळणीतून यावा तसा येत होता. बघता बघता खराटा संपला. वरून काहीच आवाज येईना. मी घाबरून हाक मारली, "काका?"

बऱ्याच वेळाने ते खाली आले, आत येऊन पाटावर बसले.

"गुडघे दुखायला लागले माझे, तवापासून काड्या कमी झाल्या," ते म्हणाले. "मी म्हणो, मी किती चांगलं फेरतो! दोन-चार झाल्या का ती आवाज द्यायची, 'झालं, उतरा आता, चहा ठेवला.'"

मला रडू आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. फक्त चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"छत बदलायचं, बेटा. मुलीला सांग," ते म्हणाले. आणि छताकडे बघत, "पाऊस आला का मी लोकायच्या घरी. हे एवढं गळत होतं, तर ती कुठं उभी राहून सैपाक करत होती? मी कधी पाहिलंच नाही."

मी शोधलं. वर काडीही नव्हती आणि उजेडही दिसत नव्हता अशी एकच जागा होती, ओट्याच्या टोकाला, जेमतेम एका माणसापुरती. मी बोटाने दाखवली.

काका उठले आणि तिथे जाऊन उभे राहिले.