शेवंता सिस्टरच्या कणकेतला हरभरा

आमच्या दवाखान्यात चहा हवा असेल तर आधी कणकेच्या गोळ्यातला हरभरा शोधावा लागतो. हा नियम सरकारचा नाही, शेवंता सिस्टरचा आहे. निवृत्तीला आलेल्या या बाई डब्यातून कणीक आणतात, तिच्यात हरभरा दडवतात आणि आम्हा नर्सांपुढे ठेवतात. स्तनातली गाठ हाताला कशी लागते, याची ही शिकवणी. बोटांच्या टोकांनी चाचपलं की खेकसतात, "चिमटे कावून काढायलीस? तीन बोटं सपाट ठेव, गोल फिरव, काखेपर्यंत जा."

मी परीक्षा पास झालेली नर्स आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. सकाळी हजेरीची सही करण्याआधीच विचारतात, "पाळी होऊन आठ दिस झाले न्हवं? बघितलंस का?" तेही कंपाउंडरसमोर. तो बिचारा खिडकीबाहेरची बाभूळ बघत बसतो. मी "बघितलं" म्हणून थाप मारते, ती त्यांना लगेच कळते. नुसता वैताग.

यंदा दसऱ्यानंतर तर कहरच झाला. ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर बाईंनी फाट्यावर अडवला आणि पदर खोचून ट्रॉलीत चढल्या. मला पिशवी धरून उन्हात उभं केलं. मुकादम ओरडायला लागला, तर म्हणाल्या, "तुमी तोंड तिकडं करा. सहा महिने ह्या बाया फडात ऱ्हानार, तितं कोन सांगनार?" बायका हसत होत्या, पण पदराखालून बोटं फिरवून शिकतही होत्या. तेवढ्यात एकीनं विचारलं, "सिस्टर, तुमी सोताचं कवा बघता?"

बाई खोचलेला पदर सोडून खाली उतरल्या.

दवाखान्यात आल्यावर मी त्यांना इंजेक्शनच्या खोलीत गाठलं. वर्षभराचा राग साचला होताच. "बोला की आता. कवा बघितलं?"

"मालक वारल्यापासून न्हाई."

"दुनियेला सांगता, मग सोताचं कावून न्हाई?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "गाठ लागली, तर घरी जाऊन सांगू कुनाला?"

मला त्यांचा रागही आला आणि रडूही. मी दार लावलं, त्यांना झोपवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला. दोन्ही बाजू काखेपर्यंत तपासल्या.

"काई न्हाई, सिस्टर."

"नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. काही नव्हतं. "आता दर महिन्याला सोता बघायचं," मी म्हणाले. "काई लागलं तर मला सांगायचं."

त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत. डोळ्यांवर हात ठेवून तशाच पडून राहिल्या. बाहेर पेशंट दार वाजवत होते. मी उघडलं नाही.