सगुणाचा गहू आणि जंगलाचं हार्वेस्टर

एका जंगलात गहू पिकत असे. जंगलात गहू कसा, असं विचारायचं नाही. ज्याला विचारायचंच असेल त्यानं घरी जाऊन आपल्या मास्तरांना विचारावं. बाकीच्यांनी मांडी घालून बसा.

तर मुलांनो, गहू पिकला की त्या जंगलात इर्जिक घालत. म्हणजे सगळ्यांनी मिळून आज याच्या वावरात, उद्या त्याच्या वावरात जायचं आणि दिवसभरात सोंगणी उरकून टाकायची. मजुरी नाही. ज्याचं वावर, त्यानं संध्याकाळी सगळ्यांना गव्हाची खीर घालायची. रानडुकरं सुळ्यांनी कापत. ससे दातांनी कापत. मोर गळालेले दाणे वेचत आणि निम्मे तिथंच खाऊन टाकत. खीर पातळ झाली म्हणून वर्षभर नावं ठेवली जात. पण गहू घरात येई.

या जंगलात आबासाहेब नावाचा एक गवा होता. मोठा गवा. तो एकदा शेजारच्या जंगलात लग्नाला गेला आणि तिथं त्यानं हार्वेस्टर पाहिलं. परत आला तो गप्प गप्प. जेवेना. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "अजून दातांनी कापतो आपण. लाज वाटते मला."

मग काय, समिती झाली. आबासाहेब अध्यक्ष झाले, बिबट्या खजिनदार झाला. घराघरातून गहू गोळा करून हार्वेस्टर आणलं. त्याला हार घातला, नारळ फोडला. पहिल्या वर्षी त्यानं सगळं जंगल बघता बघता कापून दिलं. जनावरं बांधावर बसून पाहत होती. इतकं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पट्टा तुटला. मग बेअरिंग गेलं. मग पाती बोथट झाली. पाती बसवली तर पुन्हा पट्टा.

हे सगळं दुरुस्त करणारा एकच, कचरू माकड. त्याला मिस्त्री म्हणत. तो यंत्राखाली शिरायचा, बराच वेळ तिथंच पडून राहायचा, आणि बाहेर येऊन एकच गोष्ट सांगायचा, "इथला पट्टा चालणार नाही. ओरिजिनल लागेल."

ओरिजिनल डोंगरापलीकडून यायचं. त्यासाठी घरटी वर्गणी लागायची. आधी ओंजळभर गहू, मग पाटीभर, मग पोतं. कुणीतरी म्हणालं, हा पांढरा हत्तीच पोसतोय आपण. त्यावर त्या जंगलातला खरा हत्ती रागावला. म्हणाला, "माझं नाव मध्ये घेऊ नका. मी एवढं खात नाही."

शिवाय मिस्त्रीनं एक अट घातली होती. "यंत्राला कामाची सवय असते. मध्येच कुणी दातांनी सोंगणी केली की त्याची लय मोडते. तसं झालं तर माझी हमी संपली. पुढच्या बिघाडाचं तुमचं तुम्ही बघा."

एवढी वर्गणी भरलेली. हमी कोण घालवणार? इर्जिक बंद झाली.

आता सगुणाचं ऐका. सगुणा साळिंदर होती. तिचा नवरा बिबट्यानं खाल्ला होता. बिबट्या खजिनदार असल्यामुळे हा विषय बैठकीत निघत नसे. घरात लहान पिल्लं आणि जंगलाच्या टोकाला एवढंसं वावर. यंत्र रांगेनं यायचं, आणि सगुणाचं वावर रांगेत शेवटचं.

त्या वर्षी तिचा गहू असा आला होता की पाहत राहावं. वाट पाहून पाहून तो वाळला, लोंब्यांतून दाणे गळायला लागले. आभाळही भरून यायला लागलं. ती रोज बांधावर उभी राहायची. हा गहू घरात आला तर पिल्लं उन्हाळा काढणार होती. नाही आला तर काय, हे ती पिल्लांसमोर बोलत नसे.

शेवटी यंत्र आलं. अख्खं जंगल मागोमाग बघायला आलं. यंत्र बांधावर चढलं, खट्ट वाजलं आणि थांबलं.

मिस्त्री खाली शिरला, बाहेर आला.

"बेअरिंग," तो म्हणाला.

"किती वेळ लागेल?" सगुणानं विचारलं.

"डोंगरापलीकडून आलं की बसवतो."

सगुणानं आभाळाकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मग दातांनी कापू या ना. सगळे इथंच तर आहात. संध्याकाळपर्यंत उरकेल."

दगडू नावाचं रानडुक्कर तिचा शेजारी. तिच्या नवऱ्याच्या वेळी तोच रडला होता. त्यानं मान खाली घातली. "वहिनी, कापायला माझी काय ना नाही. पण हमी जाईल. आतापर्यंत भरलं ते सगळं पाण्यात जाईल. पोरांच्या तोंडचं काढून भरलंय हो मी."

"मी काय दगड भरले होते?" सगुणा म्हणाली. तिचे काटे उभे राहिले होते. ती एकटीच वावरात शिरली आणि कापायला लागली. बांधावर सगळे नुसते बघत राहिले. रागावून नाही, काकुळतीनं. त्या डोळ्यांपुढं तिचा दात चालेना. वर्गणी तिचीही गेली होतीच. ती बाहेर आली आणि खाली बसली.

इतक्यात वीज चमकली. आबासाहेब दचकले.

"मिस्त्री, यंत्र भिजलं तर?"

"गंजेल. मग बेअरिंगवर भागायचं नाही. सगळंच बदलावं लागेल."

आबासाहेब बांधावर चढले आणि गहिवरून म्हणाले, "मंडळी, आज जुनी रीत आठवा. इर्जिक घालू या. यंत्र वाचवू या. याच्यावर जाड छप्पर घालायचं."

"छपराला काय घालणार?" हत्तीनं विचारलं.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ एकच गोष्ट होती. सगुणाचा गहू.

"पण दातांनी कापलं तर हमी जाईल ना?" एक ससा म्हणाला. सशांना असल्या शंका येतात.

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. विचार केला. "हमी जाते ती सोंगणीसाठी कापलं तर. ही सोंगणी नाही. ही देखभाल आहे."

मुलांनो, मग जे काम झालं ते बघायला हवं होतं. रानडुकरं सुळे लावून तुटून पडली. ससे रांगेनं सुटले. दगडूनं तर दोघांचं काम एकट्यानं केलं, वहिनीचं वावर म्हणून. सूर्य बुडायच्या आत सगळा गहू कापून झाला, पेंढ्या बांधून झाल्या, आणि लोंब्यांसकट सगळ्या पेंढ्या यंत्रावर रचून झाल्या.

सगुणा म्हणाली, "निदान लोंब्या तरी खुडून घेऊ द्या."

"लोंब्या काढल्या की पेंढी पातळ होते," मिस्त्री म्हणाला. "पाणी आत जाईल. पाऊस थांबला की घेऊन जा की सगळं."

आबासाहेब म्हणाले, "तुझंच आहे, ताई. कुणी खातंय का?"

मग सगळे तिच्या दारात जाऊन बसले. इर्जिकीचं जेवण वावराच्या मालकानं घालायचं, ही रीत. घरात मागल्या सालचा थोडा गहू होता. सगुणानं त्याची खीर केली. पातळ झाली होती, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत.

पाऊस आला. गारा आल्या. झड लागली ती लागलीच. छप्पर उतरवलं तेव्हा लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते आणि खालच्या पेंढ्या कुजल्या होत्या. यंत्र मात्र कोरडं ठणठणीत होतं. आबासाहेबांनी त्याच्यावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सगुणा पिल्लांना घेऊन जंगल सोडून निघाली. कुठं जाणार, हे तिलाही माहीत नव्हतं. दगडूनं हाक मारली. तिनं मागं पाहिलं नाही.

समितीची बैठक भरली. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं. कुणी वर मान करेना. मग मिस्त्री म्हणाला, "एक बरं झालं. एका वावराचा ताण कमी झाला यंत्रावरचा." हे खरंच होतं. सगळ्यांना जरा हलकं वाटलं. तिच्या वाट्याची वर्गणी इतरांनी वाटून घ्यायची असं ठरलं, आणि बैठक संपली.

दगडू घरी निघाला. वाटेत तो आपल्या वावरापाशी थांबला. रांगेत आता शेवटचं वावर त्याचं होतं.

तात्पर्य : मुलांनो, यंत्राची काळजी घ्यावी. पेरणारे जसजसे कमी होतात, तसतसं ते जास्त टिकतं.